पैसा मुंबईचा, घाट वेल्सचे

आज जरा भांडायचं आहे, आणि तेही एका व्हिडिओ गेमवरून. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईने मोटारींच्या शर्यतीच्या खेळावर लिहावं याची काही वाचकांना गंमत वाटेल. वाटू द्या.

झालं असं, की २०२५ मध्ये बातमी आली: इंग्लंडच्या कोडमास्टर्स कंपनीने रॅलीच्या खेळांचं पुढचं काम थांबवलं. १९९८ पासून चालत आलेली मालिका होती ती. आधी 'कॉलिन मॅक्रे रॅली', मग 'डर्ट', मग 'डर्ट रॅली', आणि शेवटी २०२३ मध्ये 'डब्ल्यूआरसी'. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. सगळे आता चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, कुणाची सराफ्यात पेढी, कुणी पुण्याला संगणकात. तिथे या बातमीने बरीच हळहळ झाली. ती मी समजू शकते. पण एकाने छाती फुगवून लिहिलं, "माहीत आहे का, ही कंपनी काही वर्षं आपल्या मुंबईच्या मालकीची होती!" आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

माझं डोकं सटकलं ते त्या अंगठ्यांवर.

माहिती खरीच आहे. एप्रिल २०१० मध्ये अनिल अंबानींच्या समूहातल्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्सचा निम्मा हिस्सा विकत घेतला. २०१३ मध्ये तो ६० टक्क्यांच्या वर गेला. २०१८ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा आपल्या मुंबईकरांनी हिस्सा विकून पैसे मोकळे केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुमारे १२० कोटी डॉलर मोजून सबंध कंपनीच घेतली. म्हणजे आठेक वर्षं जगातल्या एका नावाजलेल्या रॅली-मालिकेची तिजोरी मुंबईत होती. या काळात 'डर्ट ३' आला (२०११), 'डर्ट शोडाऊन' आला (२०१२), 'डर्ट रॅली' आला (२०१५), 'डर्ट ४' आला (२०१७).

आता मला सांगा, त्यांत आपलं काय आलं?

'डर्ट ३'मध्ये फिनलंड, नॉर्वे, केनिया, मिशिगन. 'डर्ट रॅली'त वेल्स, फिनलंड, स्वीडन, जर्मनी, ग्रीस, मोंते कार्लो. 'डर्ट ४'मध्ये तर त्यांनी रस्ता स्वतःच जुळवणारी युक्ती काढली. तुम्ही लांबी सांगा, वळणं किती अवघड हवीत ते सांगा, संगणक नवा रस्ता रचून देणार. कितीही रस्ते! पण देश पाचच: ऑस्ट्रेलिया, स्पेन, अमेरिका, स्वीडन, वेल्स. सह्याद्री नाही, सातपुडा नाही, हिमालयसुद्धा नाही. हिमालय आला तो २०२० च्या 'डर्ट ५'मध्ये, आणि तोही नेपाळच्या बाजूने.

इथे जाणकार लगेच म्हणतील, "बाई, जागतिक रॅली जिथे भरते तेच रस्ते खेळात येतात." पहिल्या खेळापुरतं ते पटतं. १९९८ च्या 'कॉलिन मॅक्रे रॅली'त इंडोनेशिया आहे, कारण तेव्हा नुकत्याच तिथे जागतिक रॅली झाल्या होत्या. पण २००७ च्या 'डर्ट'पासून मालिकेने ते बंधन सोडलं होतं. नेपाळमध्ये कुठे जागतिक रॅली भरते? आणि २००९ च्या 'डर्ट २'मधलं मलेशिया? मनात आणलं तिथला रस्ता त्यांनी घेतला. आपला कुणाच्या मनात आला नाही, एवढंच.

अपवाद एक आहे आणि तो सांगायलाच हवा. याच कंपनीच्या फॉर्म्युला वनच्या खेळांत, 'एफ१ २०११'पासून 'एफ१ २०१३'पर्यंत, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट होतं. २०११ चा खेळ सप्टेंबरात बाजारात आला आणि खरी शर्यत ३० ऑक्टोबरला झाली. म्हणजे मुलांनी तिथे खऱ्या शर्यतीच्या आधीच गाडी पळवून पाहिली. छानच. पण ते सर्किट वेळापत्रकात होतं म्हणून आलं. २०१३ नंतर इंडियन ग्रां प्री बंद झाली आणि सर्किटही त्या मालिकेतून गेलं. मालक मुंबईचा असल्याचा त्याच्याशी काही संबंध असल्याचं मला तरी दिसत नाही.

रस्त्यांचं एक वेळ सोडून देऊ. माझं खरं भांडण आवाजाचं आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रॅलीत गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा शेजारी वही घेऊन बसतो आणि पुढचं वळण येण्याआधी ओरडून सांगतो. डावं की उजवं, किती तीव्र, पुढे चढ आहे की उतार, आत कापायचं की नाही. वळणाला आकडे देण्याची एक रूढ पद्धत आहे. १ म्हणजे अगदी आखूड वळण, ६ म्हणजे जेमतेम वाकलेला रस्ता. चालवणारा रस्ता डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी ऐकतो. या मालिकेचा जीव या आवाजात होता. पहिल्या खेळात तो कॉलिन मॅक्रेचा खरा साथीदार निकी ग्रिस्ट याचा होता. २०१९ च्या 'डर्ट रॅली २.०'मध्ये फिल मिल्स, जो २००३ साली पेटर सोल्बर्गच्या शेजारी बसून जगज्जेता झाला. आणि हा आवाज काही फक्त इंग्रजीत नव्हता. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश पोरांना तो आपापल्या भाषेत ऐकू येत असे.

इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. मालक मुंबईचा. आणि मराठी? शून्य. हिंदीही शून्य, म्हणजे 'हिंदीत भागतं की' हे नेहमीचं उत्तरही इथे लागू नाही.

आता 'आपल्या मुलांना इंग्रजी येतं' असं म्हणणाऱ्यांसाठी. २०००-०१ च्या सुमाराला इतवारीत जिथे तिथे सायबर कॅफे आणि गेम पार्लर निघाले होते. एका जिन्याखालच्या खोलीत चार संगणक, तासाला काहीतरी दहा-पंधरा रुपये. आमच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीनंतर गायब व्हायची आणि त्यांना आणायला मला धाडलं जायचं. एकदा मी दारातच थांबले. एकजण गाडी चालवत होता, दुसरा मागे उभा राहून खेळातल्या साहेबाच्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होता. सातवीतली पोरं. इंग्रजीच्या तासाला तोंडातून शब्द निघायची मारामार. पण 'थ्री लेफ्ट', 'डोंकट' असं सपासप चाललेलं. 'डोंकट' म्हणजे 'डोन्ट कट', आतून कापू नको. हा शब्द पुढे वर्गातही आला. पाण्याच्या टाकीपाशी रांग मोडून कुणी घुसलं की तक्रार यायची, "बाई, हा डोंकट करून राहिला!" अर्थ बरोबर उलटा झालेला, पण शब्द जिवंत!

मी मराठी शिकवत होते. व्याकरणाच्या तासाला विधानार्थी-आज्ञार्थी घोटून घेताना माझा घसा बसायचा, आणि इथे ही पोरं शंभर आज्ञार्थी वाक्यं एका श्वासात, ती पाळली नाहीत तर गाडी दरीत या भीतीने, ऐकत होती. भाषा कानातून हातात उतरते ती अशी. त्या खोलीत मराठी असती तर!

"पण मराठीत ते कसं वाटेल, हास्यास्पद नाही का वाटणार?" हा पुढचा आक्षेप, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. हास्यास्पद का? ज्या भाषेत ट्रकचा किन्नर मागे उभा राहून घाटात गाडी वळवून घेतो ती भाषा? ज्या भाषेत शंकरपटाचा धुरकरी काही सेकंदांत बैलजोडीला दान पार करायला लावतो ती? (त्या पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. इतक्या वर्षांच्या खंडानंतरही धुरकऱ्याचे शब्द कुणी विसरलं नाही.) आपल्याकडे रस्त्याला किती शब्द आहेत ते बघा. मुरूम, खडी, गोटे, चिखल, फुफाटा. मोरी वेगळी, रपटा वेगळा. रपटा म्हणजे पावसाळ्यात ज्यावरून पाणी वाहतं तो ठेंगणा पूल. वळण आवळतं, वळण सैल होतं. रस्ता माथ्यावर जातो, खाली बसतो, कलतो. हे शब्द मला शब्दकोशात हुडकावे लागले नाहीत. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाडी नेणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरशेजारी तासभर बसा, फुकट मिळतील.

तिसरा आक्षेप पैशाचा. भारतात पोरं चोरीच्या सीडीवर खेळायची, तर कंपनीने खर्च का करावा? खरंय, खेळायची. पण ज्या धंद्याला आपली विक्री वाढवायची आहे तो आधी गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलतो. इतवारीत किराणा ओळीत येऊन बघा. मालक सिंधी असो, मारवाडी असो, खेड्यावरून आलेल्या माणसाशी तो चोख वऱ्हाडीत बोलतो. त्याला कुणी भाषाप्रेमाचं व्याख्यान दिलेलं नाही. त्याला दुकान चालवायचं आहे. कोडमास्टर्सच्या मुंबईकर मालकांना मात्र, माझ्या मते, दुकान चालवायचं नव्हतं, दुकानाचा भाव वाढल्यावर ते विकायचं होतं. गुंतवणूक म्हणून ते शहाणपणाचं असेल. त्याला 'आपली कंपनी' म्हणून अंगठे दाखवणं हे मात्र शेजाऱ्याच्या लग्नात आहेर मोजण्यासारखं आहे.

आणि दोष एकट्या त्यांचा नाही. आपण साहित्यवाल्यांनी काय केलं? चित्रपटाची भाषा, जाहिरातींची भाषा, झालंच तर मालिकांची भाषा, यावर कितीक परिसंवाद मी ऐकले. खेळांच्या भाषेवर एकही नाही. 'पोरांचे चाळे' म्हणून तो विषयच दाराबाहेर. मुलं दिवसातले दोन-दोन तास ज्या आवाजासोबत घालवतात तो आवाज कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न भाषेच्या माणसांना पडू नये? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही इथे पेढे वाटले. दोन हजार वर्षांच्या भाषेत 'पुढे डावं वळण, जपून' एवढं म्हणायला माणूस मिळत नाही होय?

हे सगळं आत्ता उगाळायचं कारण आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, गेमिंग वगैरे उद्योगांसाठी नवं धोरण मंजूर केलं आहे. आकडे तीन हजार कोटींच्या वरचे आहेत. स्टुडिओ येतील, सवलती मिळतील, मुंबई-पुण्याची पोरं (आणि देवाच्या दयेने नागपूरचीही) कामाला लागतील. फार चांगलं. पण ते जर परदेशी खेळांच्या गाड्यांना रंग मारत बसणार असतील आणि तयार खेळात मराठीचा एक हुंकार नसेल, तर पुन्हा तेच झालं. माझी मागणी साधी आहे. ज्या खेळाला महाराष्ट्राच्या तिजोरीतून एक रुपया जाईल त्या खेळात मराठी आवाज सक्तीचा करा. पाट्या सक्तीच्या करता येतात, मग हे का नाही? नुसता तळाशी लिहिलेला मजकूर नको. वळणावर डोळे रस्त्यावर असतात, वाचतो कोण? आवाज हवा.

'मराठीत वळणं कोण सांगणार' असं विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट तयार ठेवली आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच गटातले तिघं मला गाडीतून चिखलदऱ्याला घेऊन गेले. एकजण चालवत होता, मी शेजारी वही घेऊन. परतवाड्यापासून वरपर्यंत प्रत्येक वळण उतरवून घेतलं, इंग्रजी शब्द न वापरता. 'उजवं चार, आवळतं, आतून नको.' 'मोरी, मग डावं दोन, बाहेर दरी.' 'माथा, सरळ साठ, जपून, माकडं.' मागे बसलेल्या दोघांनी दोनदा वाद घातला, एकदा 'तीन' की 'चार' यावरून आणि एकदा 'सैल होतं' म्हणावं की 'उघडतं' यावरून. मी 'सैल होतं' ठेवलं आहे. शंभर पानी वही भरली. ती घरी आहे. ज्या कुणा स्टुडिओला हवी असेल त्याने इतवारीत यावं आणि झेरॉक्स काढून न्यावी. मूळ वही मिळणार नाही.