पाच मॅचेसमध्ये कसली परीक्षा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या! पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक टीम सीझनला १६२ मॅचेस खेळते. सहा महिने, जवळजवळ रोज. २००२ साली ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने त्यातल्या १०३ जिंकल्या, त्यातही लागोपाठ २०. (‘मनीबॉल’ पिक्चरमधली टीम ती हीच. पैसा कमी, आकडेमोड जास्त.) मग प्लेऑफची पहिली फेरी आली, फक्त पाच मॅचेसची, आणि मिनेसोटाने त्यांना ३-२ ने घरी पाठवलं. एकदाच झालं असतं तर ठीक. पण २००० ते २००३, चारही वर्षं पहिल्याच फेरीत आऊट, आणि चारही वेळा ३-२! २००१ मध्ये तर यांकीजविरुद्ध पहिल्या दोन मॅचेस जिंकून.

लोक म्हणतात, प्रेशर झेपलं नाही. मला अजिबात पटत नाही. समजा, एखादी टीम दर मॅच जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. तरी पाचांची फेरी ती जिंकेल याची शक्यता साधारण ६८ टक्केच येते. मग फेरी सात मॅचेसची करा, असं मी म्हणणार होते. गणित केलं तर ७१! म्हणजे तेही फुकट.

त्यापेक्षा इंग्लंडच्या फुटबॉल लीगसारखं करा ना. १६२ मॅचेसनंतर जो पहिला, तो चॅम्पियन. प्लेऑफचा कप वेगळा ठेवा, थरार हवा असणाऱ्यांसाठी. मीसुद्धा बघेनच की!