नव्या गाडीतला दोष सिद्ध कुणी करायचा?

वसई-विरार पट्ट्यातल्या गाड्यांना ‘एमएच ४८’ हा क्रमांक मिळतो आणि त्यांचा कारभार पाहणारे परिवहन कार्यालय विरार पूर्वेला चंदनसारला आहे. नोंदणी, रस्ता कर, परवाना, दंड अशी वाहनमालकाची सगळी देणी आणि जबाबदाऱ्या तिथे नोंदल्या जातात. त्याच मालकाच्या नव्याकोऱ्या गाडीचा गिअर दुसऱ्याच महिन्यात अडकू लागला, क्लच जळाल्याचा वास येऊ लागला किंवा महामार्गाच्या कोंडीत इंजिन आपोआप बंद पडू लागले, तर त्याची नोंद घेणे हे मात्र या कार्यालयाचे काम नाही. ती नोंद होते कंपनीच्या वर्कशॉपमधल्या जॉब कार्डवर, आणि बहुधा वर्कशॉपच्याच शब्दांत. दोष गाडीत असतो. ती उघडून तपासण्याची साधने कंपनीकडे असतात, त्याच मॉडेलच्या हजारो गाड्यांची माहितीही तिच्याकडेच असते. तरीही दोष सिद्ध करण्याचे ओझे गाडीच्या मालकावर टाकले जाते. दुरुस्तीचे ठरावीक प्रयत्न फसले की हे ओझे कंपनीच्या खांद्यावर गेले पाहिजे, आणि तसे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

या मागणीमागे मध्यमवर्गीय घराचा हिशेब आहे. विरार, नालासोपारा, वसईतून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबासाठी डिकीवाली सेडान ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सोळा हजारांच्या घरात जातो. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के रस्ता कर नोंदणीच्या वेळीच भरावा लागतो. म्हणजे बारा लाखांच्या गाडीवर जवळपास दीड लाख रुपये. विमा वेगळा. गाडी वीस दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली म्हणून बँक हप्ता थांबवत नाही, विम्याची मुदत वाढत नाही आणि भरलेला कर परत येत नाही. नवी गाडी घेण्यामागे रस्त्यात अडकायला लागू नये, आजारी आईवडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेता यावे, एवढीच अपेक्षा असते. ती निश्चिंती मिळत नसेल तर त्या कुटुंबाचे पैसे अडकलेले असतात, आणि ते सोडवण्याचा सरळ मार्ग आज उपलब्ध नाही.

तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. ‘या मॉडेलमध्ये एवढा आवाज येतोच’, ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आठवडाभर चालवून बघा’, ‘तुमचा पाय क्लचवर राहतो’. गाडी परत मिळते तेव्हा जॉब कार्डवर ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा असतो. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेले की हाच शेरा कंपनीचा पुरावा होतो. या उत्तरांत किती तथ्य असते, याचा एक नीट तपासला गेलेला दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांत ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. गाडी हळू पुढे सरकताना ती थरथरायची, कधी गिअर पडायचा नाही. बऱ्याच मालकांना, हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे, असे सांगण्यात आले. तिथल्या ग्राहक आयोगाने चौकशी केली तेव्हा दिसले की विकल्या गेलेल्या सुमारे ७० हजार गाड्यांपैकी जवळपास निम्म्या गाड्या या गिअरबॉक्सच्या कामासाठी निदान एकदा तरी वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. प्रत्येक मालकाला आपण एकटेच आहोत असे वाटत होते. आकडे एकत्र मांडल्यावर खरे चित्र दिसले.

आपल्याकडेही हेच चित्र दिसते. एप्रिल २०२१ मध्ये होंडाने भारतातल्या ७७,९५४ गाड्या इंधन पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या. त्यांत ३६,०८६ अमेझ आणि २०,२४८ चौथ्या पिढीच्या सिटी होत्या. दोन्ही कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या सेडान. पंपातला इम्पेलर सदोष असल्याने इंजिन बंद पडू शकते किंवा सुरूच होत नाही, असे कंपनीने स्वतः जाहीर केले. मारुतीनेही सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझसह काही मॉडेल्सच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या. कंपन्यांनी दोष मान्य केला हे योग्यच झाले. पण विचार अशा घोषणेच्या आधीच्या काळाचा करायला हवा. त्या दिवसांत एखादी सिटी शिरसाड फाट्याजवळ बंद पडली असती, तर दोष पंपाच्या रचनेत आहे हे तिच्या मालकाने कशाच्या जोरावर सांगायचे? पेट्रोलमध्ये भेसळ असेल, असे त्याला सुनावले गेले असते तर ते खोडायला त्याच्याकडे काय होते? पंप उघडण्याची सोय त्याच्याकडे नाही आणि इतर मालकांच्या तक्रारी त्याला दिसत नाहीत. ज्याला कळण्याची सोयच नाही त्याच्याकडे पुरावा मागणे हा न्याय नव्हे.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख नवी नाही. मार्च २०१० मध्ये मुलुंडला एका कुटुंबाची नवी नॅनो शोरूममधून घरी नेली जात असतानाच पेटली. देशात अशा आणखी काही घटना झाल्यावर कंपनीने स्वतःच चौकशी केली, बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे आणि एक्झॉस्टवर राहिलेल्या बाहेरच्या वस्तू अशी कारणे दिली, आणि त्याच वर्षी विकलेल्या सुमारे सत्तर हजार गाड्यांना जादा संरक्षक भाग मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. मात्र याला ‘रिकॉल’ म्हणायला ती तयार नव्हती. गाडी ज्याने बनवली त्यानेच तपासायची आणि निष्कर्षही त्यानेच काढायचा, ही पद्धत कितीही सद्भावनेने राबवली तरी ग्राहकाला तिच्यावर विश्वास ठेवणे अवघडच जाते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती आहे, त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. क्लचच्या तक्रारीवरून गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश बाजूला ठेवून न्यायालयाने सदोष भाग बदलायला आणि प्रवासखर्च वगैरेसाठी ५० हजार रुपये द्यायला सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले, पण तिथे ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूला झालेले नुकसान वगळले आहे. म्हणजे गाडीमुळे माणूस जखमी झाला तर ते प्रकरण लागू होते. गाडीच बिघडत राहिली तर नाही. उरते ती सदोष मालाची नेहमीची तक्रार. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. हप्ताही त्यानेच भरायचा, तपासणीचा खर्चही त्यानेच सोसायचा.

न्यायालयाने पुढे दिशा बदलली, हे मान्य करायला हवे. २०१७ च्या एका अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. त्या प्रकरणी २०२२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धडकेचा वेग आणि बल यांचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ होण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येणार नाही. भरपाईचा आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. हाच विचार गिअरबॉक्स, क्लच आणि इंजिनालाही लागू व्हायला हवा. अपघातात डोळ्यांना दिसणारा दोष न्यायालय समजून घेते. रोजच्या प्रवासात छळणारा दोष मात्र अजूनही तज्ज्ञाच्या कागदाची वाट पाहत राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की मोटार म्हणजे हजारो सुट्या भागांचे यंत्र, त्यातला एखादा भाग बिघडणारच. अगदी खरे. म्हणूनच पहिल्या बिघाडावर गाडी बदलून द्या, असे कुणी म्हणत नाही. कंपनीला दुरुस्तीची संधी मिळालीच पाहिजे. पण तोच बिघाड चौथ्यांदा होत असेल तर तो योगायोग राहत नाही. दुसरा आक्षेप रस्ते आणि चालक यांच्यावर बोट ठेवतो. वसई-विरारच्या पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, इंजिनात पाणी शिरते. ते नुकसान कंपनीवर घालणे चुकीचे ठरेल. कोंडीत अर्धा क्लच दाबून गाडी पुढे ढकलत नेली तर क्लच प्लेट लवकर झिजते, हेही खरे. पण चालकाची चूक शोधणे कंपनीलाच सोपे आहे. आजच्या गाडीतला संगणक बिघाडाचे संकेत साठवून ठेवतो आणि ते वाचण्याचे यंत्र वर्कशॉपमध्ये असते. शिवाय जी गाडी मुंबई महानगरात विकायची, ती इथल्या कोंडीत टिकली पाहिजे. ताशी दहा किलोमीटरने चालणारी वाहतूक ही इथली नेहमीची स्थिती आहे आणि गाडी विकणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक असते.

तिसरा आक्षेप असा की ग्राहक आयोग आहेत, मग नवा नियम कशाला? तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्हा आयोगात चालते, शुल्क नाममात्र आहे आणि तपासणी लागणारे प्रकरण शक्यतो पाच महिन्यांत संपवावे असे कायदा सांगतो. तरतुदी चांगल्या आहेत, पण प्रत्यक्षातला काळ वेगळा असतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ ची, आधीच चालवलेली गाडी विकली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२१ मध्ये संपले, आणि तिथे डीलरची जबाबदारी उत्पादकावर टाकता येत नाही, असे ठरले. एवढ्या काळात गाडी जुनी होऊन जाते. चौथा आक्षेप रिकॉलच्या कायद्याचा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले, आणि त्यात किंमत परत देण्याची किंवा गाडी बदलून देण्याचीही सोय आहे. पण तो कायदा पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असलेल्या दोषांसाठी आहे, आणि त्यासाठी पुरेशा मालकांच्या तक्रारी किंवा चाचणी संस्थेचा अहवाल लागतो. एका घराच्या एका गाडीला त्याचा उपयोग नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. ही जबाबदारी आली तर गाड्या महागतील, असे सांगितले जाते. जुलै २०२४ मध्ये मारुतीने मूळ वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षांवर आणि ४० हजार किलोमीटरवरून एक लाखावर नेली. बाजारातल्या स्पर्धेसाठी कंपनी एवढा भार उचलू शकते, तर मोजक्या सदोष गाड्यांचा भारही ती उचलू शकते. जगात हे नवीन नाही. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत तोच दोष चार प्रयत्नांत गेला नाही, अथवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक वर्कशॉपमध्ये राहिली, तर कायदा मालकाच्या बाजूने गृहीत धरतो. सिंगापूरमध्ये २०१२ पासून सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे मानले जाते. फिलिपिन्सने २०१४ मध्ये असा कायदा केला. फिलिपिन्सला जे परवडते ते भारताला परवडणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिले वर्ष किंवा २० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर एकच बिघाड तीन दुरुस्त्यांनंतरही राहिला किंवा गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये राहिली, तर तो निर्मितीतला दोष धरावा. तसा तो नाही हे कंपनीने दाखवावे. गाडी बदलून द्यायची की पैसे परत करायचे हे मालकाने ठरवावे, आणि रस्ता कर व विमा त्यात धरावा. जॉब कार्डवर तक्रार मालकाच्या शब्दांत, त्याला हवी तर मराठीत, लिहिली जावी आणि तिची प्रत प्रत्येक वेळी त्याला मिळावी. वाद झाला तर तपासणी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी करावी आणि तिचा खर्च आधी कंपनीने भरावा. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून उत्सर्जन मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे दाखवले होते. म्हणजे तपासण्याची क्षमता महाराष्ट्रात आहे, ती एकट्या ग्राहकापर्यंत पोचत नाही एवढेच. आणि चंदनसारसारख्या प्रत्येक परिवहन कार्यालयात नव्या गाडीच्या बिघाडाची नोंद घ्यावी, मॉडेलनिहाय आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. नोंदणीच्या वेळी गाडीचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, मालकाचे नाव सगळे सरकारकडे येतेच. त्यात एक रकाना वाढवायला फारसा खर्च नाही. नवा कायदा संसदेत व्हायला वेळ लागेल. हा रकाना मात्र राज्याच्या परिवहन खात्याने ठरवले तर याच वर्षी सुरू होऊ शकतो, आणि पालघर जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी तो आधी आपल्या कार्यालयात सुरू करून घ्यावा.