कमरेला टेप लावली, पुढे काय?

मी सातारा जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. आमच्या आशा तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यात १५० मिनिटं तरी व्यायाम होतो का, आईवडिलांना शुगर-बीपी होतं का, असे त्यात प्रश्न असतात आणि कमरेचं मापही असतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी हेच आकडे ९० आणि १००. बेरीज चारच्या वर गेली, की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं.

कमरेला टेप लावणं हे नाजूक काम आहे. साडीच्या निऱ्यांवरून माप चुकतं, म्हणून बाईला आतल्या खोलीत न्यावं लागतं. तिथं सासू नसते, नवरा नसतो. तेव्हा ती हळूच विचारते, “ताई, हे कमी कसं करायचं? मी खाते तरी किती!” हा प्रश्न तिनं आजवर कुणाला विचारलेला नसतो. आशाकडे उत्तर एवढंच असतं: तेलकट कमी खा, चालत जा.

मग ती बाई आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाते. तिथली समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) बीपी मोजते, शुगर बघते. त्यात काही निघालं तर गोळ्या मोफत सुरू होतात, पाठपुरावाही होतो. हे काम चांगलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दोन्ही नॉर्मल आलं, तर ती घरी परत येते. कंबर ९६ होती, ती ९६च राहते. काही वर्षांनी शुगर निघाली की तिचं नाव आमच्या यादीत चढतं. रोग होईपर्यंत थांबायचं, हे मला मान्य नाही.

दिवसभर भांगलणाऱ्या बाईचं अंग कसं सुटतं, असं लोक विचारतात आणि तिलाच दोष देतात. तिच्या ताटात काय असतं ते बघा. भात-भाकरी पोटभर, डाळ पातळ, भाजी उरली तर. त्यात दिवसातून चार वेळा गोड चहा, बाळंतपणं, पाळी जाण्याचं वय, अपुरी झोप. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं आहे, की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते. म्हणूनच नुसत्या वजनकाट्यावर भागत नाही, टेप लागते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर महिलांमागे सुमारे २३ जणींचं वजन जास्त आणि सुमारे २१ जणींचं कमी आढळलं. दोन्ही टोकं एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. कमी वजनाचं मूल सापडलं तर काय करायचं, हे आपल्या यंत्रणेला नीट ठाऊक आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन, वाढीचा तक्ता, आईशी बोलणं, गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. त्या मुलाला कुणी ‘तूच स्वतःला आवर’ असं म्हणत नाही. मोठ्या माणसाच्या वाढत्या वजनाला मात्र केसपेपरवर एकच ओळ मिळते: वजन कमी करा.

आपण सोडलेल्या या जागेत दुसरे शिरतात. तालुक्याच्या गावी डब्यातल्या पावडरी विकणारी केंद्रं निघाली आहेत. तिथं मापं घेतात, नाव घेऊन चौकशी करतात, दर आठवड्याला बोलावतात. बचतगटाचं कर्ज काढून पावडर घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना पावडरीइतकीच त्या चौकशीची ओढ होती. ती चौकशी सरकारी दवाखान्यानं करायला हवी. वजनाची नवी इंजेक्शनं आता टीव्हीवरच्या बातम्यांतून सगळ्यांना ठाऊक झाली आहेत, पण मजुरीवर चालणाऱ्या घराला ती परवडत नाहीत.

माझं मागणं फार मोठं नाही. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी मोठ्यांसाठी आहारतज्ज्ञ बसावा, आणि शुगर नसलेल्या माणसालाही त्याच्याकडे जाता यावं. त्यानं तेलाचा डबा घरात किती दिवस पुरतो हे विचारावं, आणि बाजरी, मटकी, ताक, शेवग्याचा पाला अशा आमच्याकडे मिळणाऱ्या जिनसांवरून सल्ला द्यावा. आरोग्य मंदिरात महिन्यातला एक वार ठरवून बायांचा गट बसावा, शेतीच्या वेळा बघून, संध्याकाळी. वजन थायरॉइडमुळे वाढतंय का, याची तपासणी तिथूनच लिहून मिळावी. पाठपुराव्यासाठी आशाला मोबदला मिळावा. आणि सीबॅकच्या फॉर्ममध्ये कमरेच्या मापापुढे आणखी एक रकाना हवा: सहा महिन्यांनंतरचं माप.