सारंगखेड्याचा पैसा तापीकाठी मुरावा



दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तापीकाठी ठिकठिकाणचे घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा. चाल, रंग आणि अंगावरचे भोवरे पाहून सौदे ठरतात. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारा शेतकरी याच बाजारातून शेतीची अवजारे आणि संसाराची भांडीही नेतो. पर्यटन विभागाने चेतक फेस्टिवलची जोड दिल्यापासून घोड्यांच्या स्पर्धा आणि पर्यटकांसाठीचे तंबू यांचीही चर्चा होऊ लागली.

ही जोड स्वागतार्हच आहे. १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला हा आदिवासीबहुल जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे बाहेरचा ग्राहक आपणहून येतो, ही मोठीच संधी.

पण गर्दी म्हणजे विकास नव्हे. मंडप, भोजन, करमणूक अशी सारी कामे बाहेरच्या ठेकेदारांकडे गेली, तर पैसा यात्रेत फिरतो आणि यात्रेबरोबरच निघून जातो. घोड्यांच्या विक्रीची उलाढाल दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. त्याच तपशिलाने गावातल्या खाणावळी, चारा विकणारे, नालबंद आणि बचत गट यांच्या हाती किती पडले, हेही जाहीर व्हायला हवे.

राजस्थानातले पुष्कर या बाबतीत सावध करते. तिथल्या मेळ्यात पर्यटक अजूनही येतात, मात्र विक्रीला येणारे उंट कमालीचे रोडावले. यांत्रिक वाहनांमुळे उंटाची गरज घटली होतीच. २०१५च्या कायद्याने उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि पशुपालकांचे गिऱ्हाईक आणखी तुटले. व्यापार आटला की मेळ्याचा नुसता देखावा उरतो.

म्हणून सारंगखेड्यात आधी व्यापाऱ्यांची सोय पाहावी: घोड्यांसाठी पाणी, सावली, पशुवैद्य. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ग्रामीण महिलांचे बचत गट थेट ग्राहकाला माल विकतात. तसेच गाळे इथे नंदुरबारची मिरची आणि भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ यांसाठी राखून ठेवावेत. यात्रेच्या दिवसांत दोंडाईचा रेल्वे स्थानकापासून सारंगखेडा, प्रकाशा, तोरणमाळ अशी एसटीची फेरी ठेवली, तर पाहुणा जिल्ह्यात आणखी एक मुक्काम करेल.

पुढच्या यात्रेच्या निविदा काढताना पर्यटन विभागाने स्थानिकांचा वाटा अटींमध्येच लिहावा आणि यात्रा संपल्यावर त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा.

— एक वाचक