छातीतले पाणी आटले, म्हणजे आजार गेला का?

"डॉक्टर, स्टेरॉइड दिले की पाणी पुन्हा भरत नाही म्हणतात. लिहून द्या ना!" छातीत पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हे हमखास विचारतात. त्यांची काळजी मला समजते. सुईने एकदा पाणी काढून घेतलेल्या माणसाला ते परत नको असते.

फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्यामध्ये थोडेसे पाणी निरोगी माणसातही असते. ते वाढले की दम लागतो. कारणे अनेक: न्यूमोनिया, कर्करोग, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार. आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एकाच बाजूला पाणी झाले, तर पहिला संशय क्षयरोगाचा येतो.

क्षयरोगाच्या पाण्यात जंतू थोडेच असतात. पाणी साठते ते मुख्यतः त्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे. ही प्रतिक्रिया स्टेरॉइडने शमते, म्हणून ते द्यावे, हा विचार चुकीचा नाही. पण पटण्याजोगा विचार आणि सिद्ध झालेला उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युगांडात १९७ रुग्णांवर हे तपासले गेले. सगळ्यांना क्षयरोगामुळे छातीत पाणी होते आणि एचआयव्हीची लागणही होती. क्षयरोगाची औषधे सर्वांना दिली. काहींना सोबत प्रेडनिसोलोन, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००४ मध्ये निष्कर्ष आले. स्टेरॉइड घेतलेल्यांचे पाणी लवकर आटले, त्रासही लवकर कमी झाला. पण त्यामुळे जीव जास्त वाचले नाहीत. उलट कापोसी सार्कोमा हा कर्करोग स्टेरॉइडच्या गटात सहा जणांना झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही.

न्यूमोनियामुळे झालेल्या पाण्यासाठी ऑस्ट्रेलियात ८० रुग्णांवर डेक्सामेथासोनची चाचणी झाली. तिथेही ठळक फायदा दिसला नाही.

आणखी एक जुना धडा. क्षयरोगाचे पाणी कधी कधी औषधाशिवायही आटते. १९५५ मध्ये अमेरिकी सैन्यातील अशा १४१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांना पुढे क्षयरोग झालाच. एक्स-रे स्वच्छ झाला, आजार मात्र दबा धरून बसला होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पाणी पुन्हा होऊ नये म्हणून सरसकट स्टेरॉइड देऊ नये आणि तुम्हीही मागू नये. स्टेरॉइड वाईट नाही. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात आम्ही ते आवर्जून देतो, कारण तिथे त्याने जीव वाचतात हे चाचण्यांतून दिसले आहे. हाच निकष इथेही हवा.

तुम्ही काय करावे? पाणी कशामुळे झाले ते आधी विचारा. काढलेल्या पाण्याची तपासणी झाली का, तेही विचारा. क्षयरोग निघाला तर एचआयव्ही आणि साखर तपासून घ्या, कारण स्टेरॉइडने साखर वाढते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी औषधे, बरे वाटले तरी, सांगितलेली मुदत संपेपर्यंत घ्या. सहसा ती सहा महिन्यांची असते. स्टेरॉइड आधीच चालू असेल, तर मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

पाणी परत येऊ नये, ही तुमची इच्छा रास्त आहे. त्याची वाट मूळ आजाराच्या पूर्ण उपचारातून जाते.