ग्रंथाचे तात्पर्य आणि अधोरेखित ओळी

पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या हातचा समीक्षाग्रंथ उघडून पाहावा. पहिल्या तीस-चाळीस पानांत अधोरेखित न केलेली ओळ सापडत नाही आणि पुढे सारे कोरे असते. त्या अधोरेखित ओळींत व्याख्या असतात, पाश्चात्त्य विचारवंतांची नावे असतात. ग्रंथकाराचे स्वतःचे म्हणणे असतेच असे नाही. ‘मुख्य विचार शोधा’ असे आपण शिक्षक सांगतो खरे, पण तो शोधावा कसा, हे सांगत नाही. सांगितलेच तर परिच्छेदाचे पहिले वाक्य पाहा, हा अभ्यासकौशल्याच्या इंग्रजी पुस्तकांतला नियम सांगतो. मराठी वैचारिक गद्यात तो अनेकदा फसतो, कारण आपला ग्रंथकार आरंभी पूर्वपक्ष मांडतो, तोही मोठ्या उदारपणे, आणि स्वतःचे मत ‘परंतु’च्या पलीकडे ठेवतो.

वस्तुतः याहून उपयोगी साधन आपल्या परंपरेत आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी उपक्रम, उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा येणारे प्रतिपादन, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी गमके सांगितली आहेत. (उपक्रम-उपसंहार एकच धरले तर सहा, वेगळे मोजले तर सात.) टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात हीच कसोटी गीतेला लावली. आरंभी अर्जुन युद्ध नाकारतो, शेवटी तो युद्धाला सिद्ध होतो. तेव्हा मधल्या साऱ्या विवेचनाचा रोख या दोन टोकांच्या संदर्भात पाहिला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पटो वा न पटो, वाचनाची पद्धत म्हणून तो लख्ख आहे.

हीच कसोटी खुद्द ‘गीतारहस्या’ला लावून पाहावी. सातव्या प्रकरणात कापिलसांख्य, आठव्यात विश्वाची उभारणी व संहारणी, नवव्यात अध्यात्म. इथवर आलेल्या वाचकाला हा वेदान्ताचा परिचयग्रंथच वाटू लागतो. वास्तविक वादाचा मुद्दा, म्हणजे ज्ञानोत्तर कर्म सोडावे की करावे, ऐरणीवर येतो तो अकराव्या ‘संन्यास व कर्मयोग’ या प्रकरणात. आधीची पाने त्याची उपपत्ती आहेत. ती अनावश्यक नाहीत. पण त्यांनाच ग्रंथाचे म्हणणे समजणे म्हणजे पायाला घर समजणे होय.

माझ्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत अधिक उपयोग अपूर्वतेचा आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथावरील उत्तरांत कांटची मते पाटणकरांच्या नावावर सर्रास जमा होतात. त्यात नवल नाही, पाटणकर कांट इतक्या समरसतेने समजावून देतात! परंतु कांटने वा मर्ढेकरांनी जे म्हटले नव्हते असे या ग्रंथात काय आहे, असा प्रश्न विचारला की वाट मोकळी होते. सौंदर्यविषयक संकल्पनेला स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत, आणि त्यांपैकी कोणत्याही एकाच्या आधारे कलाव्यवहाराचा पुरता उलगडा होत नाही, हे पाटणकरांचे प्रतिपादन मग कांटच्या विवेचनातून वेगळे काढता येते.

या गमकांनी वाद मिटतात असे मात्र नाही. ज्यांच्या विरुद्ध टिळकांनी ती वापरली त्या अद्वैत्यांनाही ती ठाऊक होतीच; ‘वेदान्तसारा’त सदानंदांनी छांदोग्याच्या सहाव्या अध्यायाचे तात्पर्य त्याच लिंगांनी अद्वैतपर ठरवले आहे. लाभ एवढाच, आणि तो थोडका नव्हे, की मतभेद नेमक्या जागी आणता येतो. तुम्ही ज्याला अभ्यास म्हणता त्याला मी अर्थवाद म्हणतो, असे सांगता येते आणि मग दोघांनाही पुन्हा ग्रंथ उघडावा लागतो. गाइडात तयार मिळणाऱ्या ‘मध्यवर्ती कल्पने’शी असे भांडता येत नाही, ती फक्त पाठ करता येते.

आपल्या प्रश्नपत्रिकाही नेमकी तीच मागतात. ‘अमुक ग्रंथाची मध्यवर्ती कल्पना स्पष्ट करा’ याऐवजी ‘या प्रकरणातील कोणता भाग तुम्ही अर्थवाद मानाल आणि कशाच्या आधारे?’ असे एकदा विचारून पाहायला काय हरकत आहे?