गुन्ह्यात नाव आहे, विम्यात नाही

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. तीन दिवसांत पोलिसांनी चौघींना अटक केली: एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. विजेच्या जोडण्या कुणी तपासल्या होत्या, अग्निसुरक्षेच्या कामाचा कागद कुठल्या टेबलावर होता, हे शोधायला समित्या नेमाव्या लागतात. ड्युटीवर कोण होते, हे हजेरीपट उघडला की पाच मिनिटांत कळते.

त्याच वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्ष पेटला आणि १० बाळे गेली. राज्य हादरले, मंत्री धावले, चौकशी झाली, निलंबने झाली. पुढच्या महिन्यात पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, तो दोन परिचारिकांवर.

त्यांची चूक होती की नव्हती, हे ठरवणे न्यायालयाचे काम. ज्यांची बाळे गेली त्यांना जाब विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे आणि त्या हक्काविरुद्ध या पत्रकात एक अक्षरही नाही. इथला प्रश्न वेगळा आहे. गुन्हा नोंदवला गेला त्या दिवशी त्या बाईच्या बाजूने कोण उभे होते? खासगी रुग्णालयाचा वकील ठरलेला असतो, सरकारचा सरकारी वकील असतो, डॉक्टरांकडे व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी असते आणि पाठीशी त्यांची संघटना असते. परिचारिकेला भाऊ किंवा नवरा ओळखीचा वकील शोधून देतो. फी कशी भागवायची, ते घरातले दागिने ठरवतात.

कायद्याने तिला अलीकडेच आणखी एकटे पाडले आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती, मग आरोपी डॉक्टर असो, परिचारिका असो की ट्रकचालक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०६(१) ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. डॉक्टरांनी आधीच आवाज उठवला होता. डिसेंबर २०२३ मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या विनंतीचा उल्लेख करून सवलत जाहीर केली: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असे घडले, तर कैद दोन वर्षांपर्यंतच. हा व्यावसायिक कोण, तेही कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली पात्रता त्याच्याकडे हवी आणि त्याचे नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत हवे. परिचारिकेचे नाव असते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत. त्यामुळे एकाच रात्री, एकाच खाटेवर, एकाच इंजेक्शनवरून दोघे आरोपी झाले, तर ऑर्डर देणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि ती पाळणारीला पाच. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात परिचारिकांविषयी आकस असेल असे वाटत नाही. त्यांना तिची आठवणच झाली नाही, आणि आठवण करून द्यायला दिल्लीत कुणी नव्हते.

२००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो असे सांगितले. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, सरसकट अटक करू नये, असेही त्यात आहे. पण या सूचना देताना निकालाची भाषा डॉक्टरांना समोर धरून चालते. ठाण्यातल्या फौजदाराने ती परिचारिकेलाही लावावी, यासाठी त्याच्यासमोर निकालाची प्रत घेऊन बसणारा कुणीतरी लागतो.

आता नेहमीचा दिलासा पाहू: ‘सिस्टर, काळजी करू नका, हॉस्पिटल भरेल.’ हा दिलासा पूर्ण खोटा नाही. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या एका महिलेवर प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात मॉप राहून गेला. महिना संपायच्या आत ती दगावली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात फेब्रुवारी १९९६ मध्ये ते पुन्हा मंजूर केले. मृत्यूपासून निकालापर्यंत ३२ वर्षे गेली. नेमकी चूक कुणाच्या हातून झाली हे बोट दाखवून सांगता आले नाही, तरी आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाला सरकार बांधील आहे, असे न्यायालय म्हणाले. तेव्हाचा वाद डॉक्टर आणि सरकार यांच्याभोवती फिरला. पण थिएटरमध्ये काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, पोट शिवण्याआधी मॉपचा काउंट कोण देते. आज तोच दावा लागला, तर पहिली मागणी होईल काउंटच्या नोंदीची, आणि त्या नोंदीखाली सही तिची असेल.

दुसरे प्रकरण दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचे. डिसेंबर १९९३ मध्ये तिथे दाखल झालेल्या एका लहान मुलाला परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिले. मूल तिथेच कोसळले आणि मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पुरेशी पात्र नव्हती, आणि जे काम डॉक्टरने स्वतः करायचे ते तिच्यावर सोपवले गेले, असे निष्पन्न झाले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो कायम केला आणि जबाबदारी रुग्णालयावर ठेवली. साडेसतरा लाख तेव्हा डोळे विस्फारायला लावणारी रक्कम होती. २०१३ मध्ये कोलकात्याच्या कुणाल साहा प्रकरणात भरपाई सुमारे सहा कोटींवर गेली, तेव्हापासून रुग्णालयांचे हिशेब बदलले आहेत.

रक्कम जेवढी मोठी, तेवढा रुग्णालयाला स्वतःचा बचाव महत्त्वाचा. त्या बचावाची सर्वांत सोपी वाट परिचारिकेच्या अंगावरून जाते. ‘आमची पद्धत योग्य होती, सिस्टरने ती पाळली नाही,’ हे एक वाक्य डॉक्टर, रुग्णालय आणि विमा कंपनी या तिघांनाही सोयीचे असते. ते लिहिणारा वकील रुग्णालयाचा. तो सिस्टरला आपल्या केबिनमध्ये बोलावतो, चहा देतो, जबाब लिहून घेतो आणि सही करायला सांगतो. तिला वाटते हा आपला वकील. त्याची फी कोण देते, हे विचारायचे तिला सुचतही नाही.

रात्रपाळीचे उदाहरण घ्या, कारण खरी कोंडी तिथे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात छोट्या शहरातल्या नर्सिंग होममध्ये एक सिस्टर आणि एक मावशी रात्रभर मजला सांभाळतात. दोन वाजता रुग्णाचे बीपी पडते, सिस्टर सरांना फोन लावते, सर झोपेत डोस सांगतात. ही तोंडी ऑर्डर. सकाळी राउंडला सरांनी केसपेपरवर ती लिहून सही करायची असते. करतात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या वॉर्डातले कागद आठवून पाहावे. रुग्ण बरा झाला तर कुणी विचारत नाही. दगावला, तर कागदावर ऑर्डर नसते आणि नर्सेस नोट्समध्ये मात्र इंजेक्शनची वेळ आणि सिस्टरची सही असते.

खासगी रुग्णालयातल्या रुग्णाला ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नोटीस हाती पडल्यावर उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मुदत पंचेचाळीस दिवसांपुढे नेता येत नाही असे ठरवले. तेवढ्यात कागद मिळवणे, तज्ज्ञाचे मत घेणे, उत्तर लिहिणे हे सगळे वॉर्ड सांभाळून करायचे. सर्वांना मोफत सेवा देणारी सरकारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर आहेत खरी, पण दिवाणी दावा, पोलीस आणि खातेनिहाय चौकशी तिथेही आहेतच.

मग रुग्णालयाच्या पॉलिसीत परिचारिका नसते का? कधी असते, कधी नसते. वैद्यकीय आस्थापनांच्या पॉलिसीत पात्र कर्मचाऱ्यांचा समावेश करता येतो, पण तो व्हावा लागतो. कौन्सिलची नोंदणी संपलेली असेल, किंवा नर्सिंग ब्युरोकडून रोजंदारीवर आलेली बाई असेल, तर ती कागदावर कुठे बसते? शिवाय या पॉलिसी बहुधा दावा दाखल झाला त्या वर्षी चालू असाव्या लागतात. घटना मार्चमध्ये घडली, सिस्टर मेमध्ये दुसरीकडे लागली आणि तक्रार पुढच्या वर्षी आली, तर जुन्या रुग्णालयाने नूतनीकरण केले आहे की नाही, हे तिला कोण सांगणार? ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. या दोन वर्षांत परिचारिका किती नोकऱ्या बदलतात, ते पगाराकडे पाहिले की कळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहान खासगी रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये वेतनाची शिफारस केली. ती किती ठिकाणी पाळली जाते, ते हे पत्रक वाचणारीला सांगायला नको.

विम्याने सगळे सुटत नाही, हेही स्पष्ट असावे. शिक्षा विम्यात येत नाही, दंड येत नाही, नशेत केलेले काम येत नाही, गुन्हेगारी कृत्य येत नाही. फौजदारी खटल्यातला वकिलीचा खर्च प्रत्येक पॉलिसीत असतोच असे नाही. तो मागून, लिहून घ्यावा लागतो. मिळते ते एवढे: तिच्या नावाची पॉलिसी, तिच्या बाजूचा वकील आणि भरपाईचा आदेश निघाला तर घर न विकता तो भरण्याची सोय. भरपाई रुग्णाच्या घरच्यांना मिळते, हे विसरू नये. कफल्लक परिचारिकेविरुद्धचा निकाल त्यांच्याही काही उपयोगाचा नसतो.

‘विमा आला की निष्काळजीपणा वाढेल’ असे म्हणणारे सापडतीलच. डॉक्टर वर्षानुवर्षे विमा उतरवतात, त्यांच्याबद्दल ही शंका कुणी काढत नाही. रस्त्यावर स्कूटर आणायची तर तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याने चालक बेफाम होतात, असे म्हणून कुणी तो रद्द करायला निघालेले नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून असे संरक्षण असल्याशिवाय परिचारिकेची नोंदणी टिकत नाही, आणि तिथल्या सरकारी सेवेत ते मालकाकडूनच मिळते. ऑस्ट्रेलियातही विम्याशिवाय परिचारिकेला काम करता येत नाही.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न सरकारने विचारू नये. मार्च २०२० मध्ये केंद्राने कोविडशी लढणाऱ्या सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना न्यू इंडिया ॲश्युरन्समार्फत ५० लाखांचे संरक्षण जाहीर केले. काही दिवसांत, नावे न मागता, हप्ता सरकारी तिजोरीतून. समूह विमा कसा उतरवायचा, हे सरकारला चांगले ठाऊक आहे. ते संरक्षण परिचारिका मेली तर होते. ती जगली आणि कामावर राहिली, तर काय?

म्हणून मागणी अशी की सरकारी, कंत्राटी आणि बाह्यस्रोत अशा सर्व परिचारिकांचा दायित्व विमा राज्याने समूहाने उतरवावा. मे २०२२ मध्ये परिचारिकांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप केला तो नोकरीसाठी. ठेकेदाराकडून आलेल्या बाईच्या चुकीला बांधील कोण, हा त्याच भांडणाचा दुसरा अर्धा भाग आहे. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या अटींत परिचारिकांचा विमा लिहिला जावा. नर्सिंग कौन्सिलने नूतनीकरणाच्या वेळी स्वस्त समूह पॉलिसी उपलब्ध करून द्यावी. आणि कलम १०६ च्या स्पष्टीकरणात परिचर्या नोंदवहीचा उल्लेख यावा, यासाठी राज्यातल्या प्रत्येक खासदाराला निवेदन जावे.

तोवर प्रत्येक सिस्टरने आणि ब्रदरने या महिन्यात रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावे: पॉलिसीत परिचारिका आहेत का, फौजदारी बचावाचा खर्च आहे का, नोकरी सोडल्यानंतर आलेला दावा चालतो का. ‘आहे हो सगळे’ असे उत्तर आले, तर पॉलिसीची प्रत मागावी. प्रत मिळाली नाही, तर अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि त्या अर्जाची एक प्रत संघटनेकडे द्यावी.